गोठ्याभोवतीं वसलेलें गांव

नाताळ जवळ आला म्हणजे अनेक ख्रिस्ती कुटुंबांत एक चिमुकलें गांव वसूं लागतें. मेजावर शेवाळ पसरतें, रंगविलेल्या कागदाचे डोंगर उभे राहतात, आरशाच्या तुकड्याचें तळें होतें आणि मध्यभागीं गवतानें शाकारलेला गोठा बांधला जातो. गोमंतकांत व वसईकडे हा गोठा परिचयाचा आहे. आणि दिवाळींत मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलांच्या घरीं त्यांतील हौस निराळी समजावून द्यावयास नको. परंतु एका गोठ्याभोवतीं सबंध गांव कां गोळा व्हावें? या प्रश्नाचें एक उत्तर फ्रान्सच्या दक्षिणेस, प्रोव्हान्स प्रांताच्या इतिहासांत सांपडतें.

प्रथेचें मूळ मात्र इटलींतील. १२२३ सालीं नाताळच्या रात्रीं असिसीच्या संत फ्रान्सिस यांनीं ग्रेच्चो या गांवीं गवतानें भरलेली गव्हाण मांडविली आणि तिच्यापाशीं खराखुरा बैल व गाढव आणविलें. बेथलेहेमांत जन्मलेल्या बालकाची निष्कांचन अवस्था डोळ्यांनीं पाहतां यावी, हा त्यांचा हेतु होता. पुढें जिवंत देखाव्याच्या जागीं मूर्ति आल्या. अठराव्या शतकांत नेपल्स शहरीं ही कला वैभवास पोहोंचली. भाजलेल्या मातीचीं मुखें, लांकडी हातपाय आणि रेशमी वस्त्रें ल्यालेल्या त्या मूर्तींना राजा चार्ल्स बोर्बन याचा आश्रय होता. तेथील देखाव्यांत बाजार व खानावळीही थाटल्या गेल्या. पण निष्कांचन बालकाचा हा गोठा निष्कांचनांच्या आवांक्याबाहेर गेला होता.

तो त्यांच्या घरीं आला एका आपत्तीमुळें. १७८९ सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, आणि १७९३ च्या सुमारास धर्मविरोधाच्या लाटेंत ठिकठिकाणचीं चर्चें बंद पडलीं. उघडपणें गोठा मांडण्याची व पाहण्याची सोय उरली नाहीं. जें चौकांत करतां येईना तें लोक माजघरांत करूं लागले. परंतु घरोघरीं गोठा मांडावयाचा तर मूर्ति स्वस्त हव्यात. ही अडचण मार्सेल्सच्या झां-लुई लान्येल (१७६४-१८२२) या मूर्तिकारानें दूर केली. सावरकरांच्या १९१० मधील उडीमुळें महाराष्ट्राच्या ओळखीचें झालेलें बंदर तें हेंच.

लान्येलची युक्ति साधी होती. एक मूर्ति हातानें घडवावयाची, तिचा प्लास्टरचा दुहेरी सांचा घ्यावयाचा आणि त्यांत ओली माती दाबून एकामागून एक प्रतिमा काढावयाच्या. त्या भट्टींत न भाजतां नुसत्या वाळवून रंगवीत. अशी मूर्ति ठिसूळ खरी. पण ती गरिबालाही परवडे.

सांच्यांतून कोण बाहेर पडलें, हेंच या हकीगतीचें मर्म. मेरी, जोसेफ व मेंढपाळ तर होतेच. त्यांच्याबरोबर पिठाचें पोतें घेतलेला गिरणीवाला आला, मासळीची टोपली घेतलेली कोळीण आली, सुऱ्यांना धार लावणारा, ढोलकें वाजविणारा, वाट दाखविणाऱ्या मुलाचा आधार घेतलेला आंधळा, असे सारे आले. प्रत्येकजण आपापल्या श्रमाचें फळ बाळासाठीं आणतो. गांवांतल्या एका भोळ्याजवळ मात्र देण्यासारखें कांहींच नसतें. तो नुसते दोन्ही हात उंचावून आश्चर्यानें पाहत राहतो. प्रोव्हान्समध्यें ही मूर्ति फार लाडकी आहे.

मांडणीचेही कांहीं संकेत आहेत. मोठ्या मूर्ति पुढें आणि लहान मागें ठेवल्या म्हणजे हातभर जागेंत कोसभर अंतराचा भास होतो. ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशीं, बशींत गहूं पेरतात. ते नाताळपर्यंत हिरवेगार होऊन देखाव्याचें शेत बनतात. आपल्याकडील घटस्थापनेच्या अंकुरांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. गव्हाण २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी राहते; मग तींत बाळ ठेवतात. पूर्वेकडील तीन राजे गोठ्यापाशीं पोहोंचतात ते ६ जानेवारीस.

१८०२ सालीं सार्वजनिक उपासनेस पुन्हां कायदेशीर स्थान मिळालें. आतां घरगुती गोठ्याची गरज सरली, असें कोणास वाटलें असतें. घडलें तें उलट. १८०३ सालीं मार्सेल्सला या मूर्तींचा बाजार भरला, आणि तो आजही नाताळापूर्वीं भरतो. बंदी उठली, तरी घरांत आलेला गोठा घरांतच राहिला.

यहूदियाच्या गोठ्यापुढें प्रोव्हान्सची पवनचक्की कशी, असा आक्षेप एखादा चिकित्सक घेईल. इतिहासाच्या कसोटीवर तो बरोबरच ठरेल. पण या मूर्तींना तेथील बोलींत ‘सान्तून’, म्हणजे लहानसे संत, असें नांव आहे. आणि तें केवळ मेरी-जोसेफांस नव्हे, तर कोळणीस, आंधळ्यास आणि रिकाम्या हातांच्या त्या भोळ्यासही लागू आहे. चर्चांचे दरवाजे बंद झाले त्या काळांत एका गांवानें आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांना संतांच्या पंक्तीस बसविलें, आणि दरवाजे उघडल्यावरही कोणास उठविलें नाहीं.