नळदुर्गचा इतिहास कुठल्या कपाटात?

पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला आपल्या किल्ल्यावर तोबा गर्दी होते. पण या गावाचे जुने कागद कुठे आहेत, हे कुणी विचारतं का?

राज्यं बदलली तशी दप्तरंही बदलली. आदिलशाही, मुघल, मग निजाम. १८५३ च्या तहानं हा भाग इंग्रजांकडे गेला, मेडोज टेलर इथं कारभार बघायला आला. १८६० ला मुलूख परत निजामाकडे. १९४८ ला हैदराबाद मुक्त, १९५६ ला आपण मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे एका गावाचा इतिहास फारसी, उर्दू, मोडी, इंग्रजी आणि मराठीत विखुरलेला.

त्यात नावाचा घोळ. टेलरच्या आत्मचरित्रात ‘नलद्रूग’, इंग्रजी गॅझेटियरातही ‘नलद्रुग’. आजचं स्पेलिंग टाकून मी शोधतो, तर हाती काहीच लागत नाही.

विषयतज्ज्ञ ग्रंथपालाचं खरं काम इथंच असतं. कुठलं नाव, कुठली लिपी, कुठल्या सरकारचं दप्तर, हे त्याला माहीत असतं आणि तशा नोंदी तो एकमेकींना जोडतो. ब्रिटिश म्युझियमनं १८९२ ला मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची काढली, ती ब्लूमहार्ट या जाणकाराकडूनच.

आपल्याकडे १९६७ ला ग्रंथालय कायदा झाला. अनुदान आलं, अ-ब-क-ड वर्ग आले. आता निजामकालीन मराठवाडा जाणणारा, उर्दू-मोडी वाचणारा एक तरी सरकारी ग्रंथपाल जिल्ह्याला द्या. दगडी किल्ला टिकेल हो, कागद वाट बघत नाहीत.

तुमच्या घरी जुनी सनद, दस्त असेल तर रद्दीत घालू नका. आधी फोटो काढा.