एका आईची पहाटेची शाळा

(१) लहान मुलांना स्त्री-पुरुष समता कशी शिकवावी, हा प्रश्न आजच्या पालकांचा समजला जातो. वास्तविक तो दीडशे वर्षांहून जुना आहे. मुलींची शाळा जेथे पोहोचलीच नव्हती, अशा अरण्यातील एका घराने त्याला दिलेले उत्तर आणि त्यासाठी मोजलेली किंमत, हा या थ्रेडचा विषय. ते घर म्हणजे पंडिता रमाबाईंचे माहेर, डोंगरे कुटुंब.

(२) वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण, आचाराने कर्मठ. तरुणपणी ते रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययनासाठी पुण्यास राहिले. हे गुरू दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. एका स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून शिष्य थक्क झाला. आपल्याही पत्नीस शिकवायचे, असे त्यांनी तेव्हाच ठरविले.

(३) पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्या विरोधामुळे तो बेत फसला. तिच्या निधनानंतर त्यांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला. वर चाळिशी ओलांडलेला, वधू नऊ वर्षांची! आज हे वाचताना मन अस्वस्थ होते, आणि ते झालेच पाहिजे. मात्र या वेळी त्यांनी अध्यापन सोडले नाही. आप्तेष्टांचा रोष वाढला, तेव्हा पत्नीला घेऊन ते पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले.

(४) रोष तेथेही पोहोचला. स्त्रीला संस्कृत शिकविण्याचा अधिकार कोणत्या आधारे घेतला, याचा जाब उडुपीच्या पंडितसभेने त्यांना विचारला. अनंतशास्त्र्यांनी धर्मग्रंथ धुंडाळून वचने गोळा केली आणि आपली बाजू शास्त्राधारे मांडली. बायकोला शिकवले म्हणून एका विद्वानाला आरोपीसारखे उभे राहावे लागले, असा तो काळ होता.

(५) येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. स्त्रिया आणि शूद्र यांनी संस्कृत व इतर धर्मवाङ्मय शिकावे, असे ते मानीत. वेद मात्र त्यातून वगळलेले होते. म्हणजे हे घर सर्वार्थाने समतेचे नव्हते. तरीही त्या घरात जे घडत होते, ते आसपासच्या घरांत घडत नव्हते.

(६) रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. थोरली बहीण कृष्णाबाई, थोरला भाऊ श्रीनिवास. रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील वृद्ध झाले होते. धाकट्या लेकीच्या शिक्षणाचा भार त्यामुळे आईवर आला. पतीची शिष्या आता मुलीची गुरू झाली.

(७) दिवसभर घरकामाचा रगाडा. म्हणून पाठ पहाटे. झोपेने जड झालेल्या मुलीला आई लाडाने उठवी आणि पाखरांच्या किलबिलाटात श्लोक म्हणवून घेई. हाती पुस्तक नसे. आईचे मुख हेच पुस्तक. अशा रीतीने रमाबाईंनी व्याकरण, कोश आणि भागवताचे हजारो श्लोक आत्मसात केले.

(८) या चित्राकडे मुलाच्या नजरेने पाहावे. त्या काळी विद्या म्हटली की पुरुषाचा आवाज, हे मूल न सांगता शिके. डोंगऱ्यांच्या मुलांच्या कानी विद्येचा आवाज आईचाही होता. 'स्त्रियासुद्धा शिकू शकतात' असे त्यांना पटवून द्यावे लागले नाही. त्यांच्या घरची ती रोजची रीत होती. मुलगा श्रीनिवास याच घरात वाढला, हेही ध्यानात ठेवावे.

(९) रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने गंगामूळ सोडले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यातून डोंगराखाली आणले. पुढे अनेक वर्षे तीर्थयात्रा, देवळांतून व नदीकाठी पुराणवाचन, आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण. पुढे मुलेही पुराणे सांगू लागली.

(१०) या आईबापांच्या हातूनही चूक झाली होती. कृष्णाबाईचा विवाह रूढीप्रमाणे बालपणीच लावला. जावई आपल्याकडे राहून शिकेल, ही आशा फोल ठरली आणि मुलीच्या वाट्याला दुःख आले. त्यावरून धडा घेऊन त्यांनी धाकटीचे लग्न लहानपणी केले नाही. त्या समाजात हा निर्णय शिकविण्याहूनही धाडसाचा होता.

(११) १८७० च्या दशकातील दुष्काळाने घराचा घास घेतला. आई, वडील आणि कृष्णाबाई काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली भावंडे उपाशीतापाशी देशभर पायी हिंडली. श्रीनिवासने बहिणीची विद्या झाकली नाही. दोघे स्त्रीशिक्षणावर बोलत फिरली. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये तो भाऊही गेला.

(१२) १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे रमाबाईंची साक्ष झाली. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, या त्यांच्या मागण्या प्रसिद्ध आहेत. पण साक्षीच्या आरंभीच त्यांनी सांगितले, की स्त्रीशिक्षणासाठी पुष्कळ सोसलेल्या पित्याची मी कन्या आहे, आणि हे कार्य आमरण चालविणे माझे कर्तव्य आहे. उडुपीच्या सभेत बापाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेक आता सरकारी आयोगापुढे देत होती.

(१३) १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. ते त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. रमाबाईंची कन्या मनोरमा हिनेही पुढे याच संस्थेत अध्यापन केले. पहाटेचा तो पाठ आजीकडून नातीपर्यंत पोहोचला.

(१४) आजच्या पालकांनी यातून काय घ्यावे? अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई निर्दोष नव्हते, आणि समतेवर त्यांनी मुलांना प्रवचने दिल्याची नोंद नाही. घरात कोण शिकवते, कोणाचे मत विचारले जाते, भावासमोर बहिणीला किती मान मिळतो, हे मुलांनी रोज पाहिले. लोक नावे ठेवत असतानाही आईबाप मागे हटले नाहीत, हेही पाहिले. आपल्या घरात सकाळी डबा कोण भरतो, बँकेचे कागद कोण वाचतो, पाहुण्यांना पाणी देण्यास कोणाला उठवले जाते, हे आपलीही मुले आज पाहतच आहेत.