नियम कोणी बदलायचे? : भूमिकाखेळांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९९३ साली अमेरिकेतल्या मेफेअर गेम्स या कंपनीने ‘अंडरग्राउंड’ नावाचा खेळ बाजारात आणला. त्याचे मुख्य रचनाकार रे विनिंगर. खेळायला लागतं ते नियमांचं एक जाडजूड पुस्तक, कागद-पेन्सिल, फासे आणि संध्याकाळ मोकळी ठेवणारी चार-पाच माणसं. त्यांतला एक जण गेम मास्टर होतो आणि जग मांडतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, ते काय करतंय हे बोलून दाखवतात आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासे टाकतात. कथानक घडतं २०२१ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये. खेळ निघाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं पुढे असलेलं हे भविष्य आता आपल्यासाठी भूतकाळ झालं आहे. मग या खेळाकडे आज पुन्हा का वळायचं, या प्रश्नातून प्रस्तुत लेखसंग्रह निघाला.

ज्यांनी असा एकही खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. लष्करी अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात प्रशियात युद्धखेळ रचले गेले. पुढे ते हौशी मंडळींच्या हाती आले. १९६९मध्ये डेव्हिड वेस्ली याने मिनेसोटात ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडला. त्यात खेळाडूंना पलटणींऐवजी एकेक माणूस सांभाळायला मिळाला आणि इथून वाट फुटली. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला, मग सुपरहिरोंचे खेळ : १९७७मध्ये ‘सुपरहिरो २०४४’, १९८१मध्ये ‘चॅम्पियन्स’. अभ्यासकही फार मागे राहिले नाहीत. गॅरी अॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने खेळणाऱ्यांमध्ये बसून, त्यांच्याबरोबर खेळून १९८३मध्ये ‘शेअर्ड फँटसी’ हा ग्रंथ लिहिला. जॉन पीटरसनच्या ‘प्लेइंग अॅट द वर्ल्ड’ने २०१२मध्ये या खेळांचा इतिहास कागदपत्रांच्या आधारे मांडला. मराठीत मात्र आमच्या माहितीप्रमाणे अजून कोरं पान आहे, आणि नव्याने येणाऱ्याला याहून चांगली संधी कुठली?

आता मूळ खेळाकडे. ‘अंडरग्राउंड’मधली पात्रं म्हणजे जनुकीय बदल करून युद्धासाठी घडवलेले सुपरहिरोसारखे सैनिक. युद्ध संपतं, ते घरी येतात, आणि त्यांना घडवणाऱ्यांना त्यांची गरज उरलेली नसते. ज्या शहरात ते परततात तिथे पैसेवाल्या कंपन्यांचं राज्य आहे आणि माणसाचं मांस विकणारी फास्ट फूडची दुकानंही राजरोस चालतात. या काळ्या विनोदाचं मूळ शोधायला लांब जावं लागत नाही. १९८६-८७च्या ‘वॉचमेन’ या कॉमिकने आणि त्यामागोमाग आलेल्या ‘मार्शल लॉ’ या कॉमिकने सुपरहिरोच्या चेहऱ्यावरचा मुलामा खरवडून काढलाच होता. १९९२च्या वसंतात लॉस एंजेलिस दंगलींत पेटलं, आणि पुढच्याच वर्षी हा खेळ आला.

मराठी वाचकाला यातलं मुख्य सूत्र परकं वाटू नये. १९७२मध्ये पुण्यात पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस आपल्या सोयीसाठी घाशीरामाला कोतवाली देतो आणि शहर खवळल्यावर त्याच घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो. सत्तेने घडवायचं, वापरायचं आणि टाकून द्यायचं. ‘अंडरग्राउंड’ सुरू होतो तो टाकून दिलेल्या माणसापासून, आणि त्याला विचारतो : आता तू काय करणार?

या प्रश्नाचं उत्तर खेळाच्या नियमांत आहे, आणि आमच्या मते त्याचं मोठेपणही तिथेच आहे. एरवीच्या भूमिकाखेळात पात्राच्या ताकदीची, चपळाईची नोंद एका कागदावर असते. इथे वस्तीचीही तशीच नोंद होते : संपत्ती, सुरक्षितता, शिक्षण, गरजेच्या वस्तूंची उपलब्धता, सरकारी कारभाराची स्वच्छता अशा बाबींना आकडे दिलेले असतात. खेळाडूंनी धडपड करून काही साधलं, की मिळालेले गुण ते स्वतःचं बळ वाढवायला वापरू शकतात, तसेच वस्तीचा एखादा आकडा हलवायलाही. मेख अशी, की हे आकडे एकमेकांत अडकलेले आहेत. एक वर नेला की दुसरा कुठेतरी घसरतो. खलनायकाला ठोसा मारणं सोपं. पण सुरक्षितता वाढवताना आपण कोणाच्या ताटातलं काढून घेतलं, हे टेबलावर सगळ्यांसमोर लिहावं लागतं.

नियमांतून विचार मांडायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट घ्या. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, हाती कवड्या. आयुष्य कसं चालतं याविषयीचं एक संपूर्ण मत त्या पटाच्या आखणीत आहे, आणि ते खेळणाऱ्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. पण मोक्षपटावरचा साप कोणी खेळाडू हलवू शकत नाही. पट आखणाऱ्याचा शब्द अखेरचा. ‘अंडरग्राउंड’ खेळाडूच्या हाती खडू देतो आणि साप-शिड्या पुन्हा आखायला सांगतो. अशा आखणीतून युक्तिवाद कसा उभा राहतो, याची चर्चा इयन बोगोस्ट याने ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’मध्ये २००७ साली सविस्तर केली आहे. विनिंगर तिथे आधीच, आणि खेळता खेळता, पोचला होता.

पुण्यात बिबवेवाडीला आम्ही हा खेळ खेळायला बसलो, तेव्हा टेबलावर लॉस एंजेलिस फार काळ टिकलं नाही. लवकरच कोणीतरी म्हणालं, “हे सगळं इकडेच आणू या की!” मग नकाशावर अप्पर इंदिरानगर, लोअर इंदिरानगर, गंगाधाम चौक आणि मार्केट यार्ड आले. एका खेळाडूने कमावलेले गुण सुरक्षिततेवर लावले : गंगाधामच्या उतारावरून दिवसा अवजड वाहनं बंद. आकडा एकाने वर गेला. गेम मास्टरने विचारलं, “आणि खाली काय येणार?” मार्केट यार्डातल्या हमालाची भूमिका घेतलेली मुलगी लगेच म्हणाली, “गाड्या रात्री लागल्या तर आम्ही दिवसभर बसून राहायचं, आमची मजुरी कोण देणार?” दुसऱ्याने भाजीचा भाव काढला. तिसऱ्याचं म्हणणं, की उतारावर जीव जाण्यापेक्षा दोन रुपये महाग भाजी परवडली. ती परवडेल तुला, असं उत्तर आलं. तासभर फाशांना कोणी हात लावला नाही. शेवटी उत्पन्न एकाने उतरवायचं ठरलं, पण ते फक्त लोअरचं की साऱ्या वस्तीचं, यावर पुन्हा जुंपली.

त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न निघाला आणि तो या संग्रहातल्या अनेक लेखांचा गाभा झाला : या कागदावर जात कुठे लिहायची? विनिंगरच्या तक्त्यात तसा रकाना नाही, आणि संपत्ती-शिक्षणाच्या रकान्यांत ती मावत नाही. काहींनी नवा रकाना आखला. काहींचं म्हणणं पडलं की जात हा आकडा मानायचाच नाही. कोणता आकडा कोणासाठी हलतो हे ठरवणारा तो नियम मानायचा. हा वाद आम्ही मिटवलेला नाही. समाज कशाकशाचा बनलेला आहे याविषयीचं रचनाकाराचं मत म्हणजेच तक्ता, हे मात्र त्या दिवशी सर्वांना कळलं. खेळ वाचायचा तो असा.

या खेळात उणिवाही आहेत. त्याचा उपहास पुष्कळदा भडक होतो, आणि हिंसेवर टीका करता करता तो तिच्यात रमतोही. माणसांच्या जगण्याला आकडे लावले की जे मोजता येत नाही ते नजरेआड होतं, हा आक्षेपही रास्त आहे. संग्रहातल्या काही लेखकांनी तो जोरकसपणे मांडला आहे आणि आम्ही त्याला कात्री लावलेली नाही.

नव्या वाचकाने या अभ्यासात कुठून शिरावं? तीन वाटा आहेत. पहिली पुस्तकाची : नियमांचं पुस्तक हे साहित्य म्हणून वाचावं, त्यातलं जग, चित्रं, उपहासाचा सूर पाहावा. दुसरी नियमांची : कशाला गुण मिळतात, कशाला मिळत नाहीत आणि कशासाठी नियमच नाही, हे तपासावं. तिसरी टेबलाची : प्रत्यक्ष डावात माणसं नियम कुठे पाळतात, कुठे वाकवतात आणि कुठे गुंडाळून ठेवतात, हे टिपून ठेवावं. नाट्यशास्त्राचा विद्यार्थी तिसऱ्या वाटेने सहज येईल, अर्थशास्त्राचा दुसऱ्या, साहित्याचा पहिल्या. वाटा पुढे एकमेकींना मिळतात.

इंग्रजी नियमपुस्तकांची धास्ती घेण्याचं कारण नाही. आमच्या टेबलावर इंग्रजीचा पगडा सुरुवातीला होता. पण वाद पेटला की सगळे मराठीवर येत. डाव मांडायला विकतचा खेळही लागत नाही. आपल्या वस्तीच्या चार-पाच बाबी ठरवा, त्यांना आकडे द्या, कोणता वाढला तर कोणता उतरेल ते लिहा आणि शेजारच्या दोघांना बोलवा. त्यांनी तुमचा तक्ताच चुकीचा ठरवला, तर तुमचं संशोधन सुरू झालं असं समजा. तो वाद लिहून काढा. पुढच्या संग्रहाला तोच हवा आहे.

– संपादक
बिबवेवाडी, पुणे ३७