पडद्यावरील मराठी आणि दुहेरी ड्रायव्हरचा संघर्ष : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
नांदेड व लातूर परिसराच्या लेखनव्यवहाराला लिपीबदलाचा अनुभव नवा नाही. निजाम राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती आणि जुन्या दप्तरांत मोडी लिपी प्रचलित होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभाराच्या भाषेचे स्थान दिले. देवनागरी मराठी दप्तरात स्थिरावते न स्थिरावते तोच संगणक आला आणि मराठी अक्षर पडद्यावर उमटणार कसे, हा नवा प्रश्न उभा राहिला. संगणकाच्या पडद्यावरील बिघाड हा केवळ दुरुस्तीचा विषय मानला जातो. वस्तुतः त्यास एक इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :
१) ग्राफिक्स ड्रायव्हरमधील संघर्षाचे स्वरूप व कारणे स्पष्ट करणे.
२) मराठी अक्षरांच्या दर्शनातील दोषांशी त्याचे साम्य व भेद तपासणे.
३) या दोषांचा प्रादेशिक दस्तऐवजांवरील परिणाम मांडणे.

पडद्याचे तंत्र व ड्रायव्हरचा उदय :
१९८१ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. या वर्षी नांदेड येथे श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि अमेरिकेत आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. (लातूर जिल्ह्याची निर्मिती पुढील वर्षी, १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाली.) त्या संगणकाच्या एकरंगी पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळी एवढाच मजकूर मावत असे आणि २५६ ठरावीक चिन्हे कार्डावरील स्मृतीतच कोरलेली असत. त्यांत देवनागरीला जागा नव्हती. १९८४ मध्ये ईजीए व १९८७ मध्ये व्हीजीए ही चित्रक्षम मानके आली. व्हीजीएमुळे ६४० × ४८० बिंदूंचा, १६ रंगांचा पडदा रूढ झाला.

डॉसच्या काळात प्रत्येक मोठा प्रोग्रॅम आपला ड्रायव्हर स्वतःच बाळगत असे. विंडोजने ही व्यवस्था बदलली. प्रोग्रॅमने विंडोजला सांगावे, विंडोजने ड्रायव्हरला व ड्रायव्हरने कार्डाला, अशी उतरंड निर्माण झाली. सोय वाढली, परंतु सर्व भार एका मध्यस्थावर आला. मध्यस्थ चुकला की संपूर्ण पडदाच बिघडतो. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये ग्राफिक्सचा भाग प्रणालीच्या गाभ्यात नेण्यात आला, तेव्हा ड्रायव्हरच्या चुकीने सबंध संगणक बंद पडण्याचा धोका वाढला.

संघर्षाचे स्वरूप :
महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील संगणक पुष्कळदा जुळणी केलेले असत. मदरबोर्डवर मूळचे ग्राफिक्स असताना वेगळे कार्ड बसविले जाई. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर न काढताच नव्याचा टाकला जाई. परिणामी एकाच कामावर दोन अधिकारी नेमल्यासारखी स्थिती होई. पडदा १६ रंगांवर घसरणे, चिन्हे अवाढव्य दिसणे, विंडोजचे बोधचिन्ह दिसून पुढे काळोख होणे, आडव्या-उभ्या पट्ट्या उमटणे ही त्याची लक्षणे होत.

निदानाचा क्रम मात्र साधा आहे. संगणक सुरू होताच, विंडोज येण्यापूर्वीच पट्ट्या दिसत असतील तर दोष ड्रायव्हरचा नसून कार्डाचा, केबलचा वा मॉनिटरचा असतो, कारण त्या क्षणी विंडोजचा ड्रायव्हर कार्यरतच नसतो. सेफ मोडमध्ये पडदा स्वच्छ दिसत असेल तर संशय ड्रायव्हरवर येतो, कारण तेथे केवळ प्राथमिक ड्रायव्हर वापरला जातो. अशा वेळी जुने ड्रायव्हर काढून टाकणे, नको असलेले ग्राफिक्स बायोसमधून बंद करणे व नंतर एकच योग्य ड्रायव्हर टाकणे हा उपाय ठरतो. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये आधीच्या ड्रायव्हरकडे परतण्याची सोय मिळाली.

हा संघर्ष केवळ वापरकर्त्याच्या निष्काळजीपणातून उद्भवत नव्हता. २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या विंडोज व्हिस्टाच्या नव्या ड्रायव्हर-रचनेत दोन भिन्न कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदू शकत नसत. २००९ च्या विंडोज ७ ने ती मुभा दिली. लिनक्समध्येही एनव्हिडिया कार्डासाठी मुक्त ‘नूव्हो’ व कंपनीचा स्वतःचा असे दोन ड्रायव्हर आहेत. कंपनीचा ड्रायव्हर टाकण्यापूर्वी नूव्हो रोखावा लागतो. एकाच यंत्रावर दोघांची मालकी चालत नाही, हे सूत्र सर्वत्र समान आहे.

अक्षरांच्या पातळीवरील संघर्ष :
पडदा निर्दोष असूनही मराठी वाचता न येणे, हा दोषाचा दुसरा थर होय. त्याचे मूळ वेगळे असले तरी त्याचा आकृतिबंध ओळखीचा आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) ‘जिस्ट’ तंत्रज्ञान म्हणून विकसित झाले. जिस्ट कार्ड संगणकात बसविले की डॉसवरील प्रचलित प्रोग्रॅम न बदलता त्यांत भारतीय लिप्या दिसत. त्यामागील ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली.

विंडोजच्या प्रसारानंतर मात्र मानकापेक्षा फॉन्टला महत्त्व आले. डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव आदी फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविले. प्रत्येकाची मांडणी निराळी. त्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की अर्थहीन अक्षरे, आणि फॉन्टच नसला की रोमन चिन्हांचा कचरा दिसे. संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच.

१९९१ मध्ये प्रकाशित झालेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र संकेत दिले. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉन्टसह देवनागरीचा आधार मिळाला. एक्सपीमध्ये मात्र जटिल लिप्यांच्या फाइली स्वतंत्रपणे सुरू कराव्या लागत. त्या नसल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडे व जोडाक्षरे हलन्तासह सुटी दिसत. म्हणजेच चौकोन दिसले तर फॉन्टचा अभाव, वेलांटी सरकली तर अक्षरजुळणीचा दोष, रोमन कचरा दिसला तर जुन्या फॉन्टचा मजकूर, आणि सारा पडदाच बिघडला तर ड्रायव्हर वा कार्ड, असा विवेक करता येतो. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतील अर्धा र हिंदीस अपरिचित असल्याने मराठीची ही अडचण अधिक सूक्ष्म होती. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षररूपे प्रमाणित केली. १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्यात सुधारणा झाली.

प्रादेशिक परिणाम :
नांदेड येथे १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, ती नेमकी जुन्या फॉन्टच्या ऐन भरात. त्या काळातील प्रबंध, प्रश्नपत्रिका, इतिवृत्ते व शोधनिबंध ज्या संचिकांत साठविले गेले, त्या फॉन्टवाचून आज मुक्या आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी कागद पुन्हा उघडावे लागले. कागद जीर्ण होता, लिपी अपरिचित होती, तरी जाणकार ती वाचू शकले. नागरिकांचे हक्क त्या वाचनावर अवलंबून होते. १९९५ ची एखादी संचिका मात्र देवनागरीत असूनही, तिच्या फॉन्टची मांडणी विस्मरणात गेली तर कोणत्याही लिपिज्ञाला वाचता येणार नाही. ड्रायव्हरचा बिघाड तासाभरात दुरुस्त होतो, कारण मूळ मजकूर शाबूत असतो. संकेताचा बिघाड मजकुरालाच ग्रासतो.

निष्कर्ष :
१) ड्रायव्हरचा व फॉन्टचा संघर्ष यांचे मूळ एकच आहे : एका कामासाठी परस्परांशी न जुळणारे अनेक मध्यस्थ.
२) दोन्ही क्षेत्रांत स्थैर्य आले ते सामायिक मानकामुळे.
३) दोषाचे निदान करताना यंत्र, ड्रायव्हर, फॉन्ट व संकेत हे थर क्रमाने तपासणे आवश्यक आहे.
४) महाविद्यालयांनी जुन्या फॉन्टमधील संचिका युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात, रूपांतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे आणि मूळ फॉन्टही जतन करावेत. ज्यांनी ते फॉन्ट रोज वापरले ती पिढी सेवेत आहे तोवरच हे काम सुकर आहे.