वादळ समुद्रात, काळजी सिरोंच्यात

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांना समुद्र नाही. इथल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नसतो. तरीही बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाल्याची बातमी आली की सिरोंचा, भामरागड, वडसा, ब्रह्मपुरी इथे नातलग असलेल्या प्रत्येक घरात चलबिचल सुरू होते. किनाऱ्यावर जे वादळ म्हणून येते, ते आमच्याकडे दोन-चार दिवसांनी पूर म्हणून येते. मधले हे दोन-चार दिवस काळजीचे असतात. त्या काळजीचाही एक इतिहास आहे; तो कुणी लिहिलेला नाही.

माझ्यापुरता तो ऑगस्ट १९८६ पासून सुरू होतो. आम्ही चंद्रपुरात राहत होतो आणि माझी खाला सिरोंच्यात दिलेली होती. बकरी ईदचा आठवडा होता. प्राणहिता आणि गोदावरी एकाच वेळी चढल्याचे रेडिओवर ऐकले आणि अम्मीच्या हातातले काम थांबले. ट्रंक कॉल लागेना. अब्बा रोज सकाळ-संध्याकाळ एसटी स्टँडवर जाऊन दक्षिणेकडून आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरना विचारत. ‘गाडी पुढे जात नाही, मियाँ,’ एवढेच उत्तर मिळे. ईदची नमाज झाली, गळाभेटी झाल्या, पण घरात शीरखुर्मा कुणी धड खाल्ला नाही. अखेर आलापल्लीकडून आलेल्या एका लाकडाच्या ट्रकवाल्याने उर्दूत लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी आणून दिली. सर्व खैरियत आहे, मागची भिंत गेली, बकऱ्या वाचल्या, इतकाच मजकूर होता. अम्मीने ती चिठ्ठी कुराणशरीफच्या जुजदानात ठेवली.

मोठेपणी या पुराचे आकडे वाचले, तेव्हा अब्बांची ती पायपीट किती सार्थ होती हे कळले. सिरोंच्याच्या खाली गोदावरीकाठी भद्राचलम आहे. तिथे पाणी ४३ फुटांवर गेले की पहिला इशारा देतात, ४८ वर दुसरा आणि ५३ वर तिसरा. १६ ऑगस्ट १९८६ रोजी तिथे पाणी ७५.६ फुटांवर पोचले. तो उच्चांक आजही मोडलेला नाही.

हे पाणी येते कसे, ते समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र साधारणपणे वायव्येकडे सरकत ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे येते. त्याच्या नैर्ऋत्य बाजूला सर्वांत जास्त पाऊस पडतो, आणि पुष्कळदा त्या बाजूखाली आपली जंगले येतात. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याला, कालेश्वरमसमोर, गोदावरीला मिळते. पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. मोठी नदी भरलेली असली की लहान नदीच्या पाण्याला वाट मिळत नाही, ते मागे फुगते. गोदावरी भरली की प्राणहिता तुंबते, इंद्रावती भरली की भामरागडची पर्लकोटा तुंबते, वर्धा भरली की चंद्रपूरची इरई तुंबते. याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात. म्हणून इथे आपल्या डोक्यावर आभाळ कोरडे असतानाही दारात पाणी येते. आकाशाकडे पाहून धोका कळत नाही; दुसरीकडून कुणीतरी कळवावे लागते. या भागात बातमीला जिवाचे मोल आहे ते यामुळे.

इंग्रजांना सिरोंच्याचे महत्त्व कळले तेही नदीमुळेच. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके त्यांना दिले आणि अप्पर गोदावरी जिल्हा तयार झाला. सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे होते. नदीतून नावा थेट समुद्रापर्यंत न्याव्यात, वऱ्हाड-नागपूरचा कापूस त्या वाटेने जावा, अशी योजना होती. हेग नावाच्या इंजिनिअरने त्यासाठी वर्षानुवर्षे खडक फोडले. १८७१ मध्ये ते काम सोडून देण्यात आले आणि १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला. नदीने कापूस समुद्राला नेला नाही. समुद्राचे वादळ मात्र ती पूर्वीसारखेच आमच्या दारात आणून सोडत राहिली.

याच काळात देशात वादळाच्या पूर्वसूचनेचा विचार सुरू झाला. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्याला आणि १ नोव्हेंबर रोजी मछलीपट्टणमला भयंकर चक्रीवादळे झाली. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था आली आणि १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले. पण ही व्यवस्था मुळात जहाजांसाठी होती. वादळ जमिनीवर चढून नदीत उतरल्यावर काठावरच्या माणसाला कोण सांगणार, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर न मिळाल्याने काय होते, हे सिरोंच्याच्या पलीकडच्या तीरावरील निजामाच्या राज्याने २८ सप्टेंबर १९०८ रोजी पाहिले. रमजान नुकताच लागत होता. उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने मुसी नदी एका रात्रीत हैदराबाद शहरात शिरली. सुमारे पंधरा हजार माणसे गेली. आपल्या घरांतले बुजुर्ग या पुराला ‘तुग्यानी’ म्हणत. रुबायांसाठी पुढे नामवंत झालेले शायर अमजद हैदराबादी त्या पुरात आई, पत्नी आणि मुलगी गमावून एकटेच वाचले. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे तगली. ते झाड आजही दाखवतात. त्यानंतर सर विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले, आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. शहराला संरक्षण मिळाले. राजधानीसाठी राज्यकर्ते लवकर जागे होतात. जंगलातल्या सिरोंच्याची पाळी उशिरा येते.

चंद्रपूरची गोष्टही विचार करण्यासारखी आहे. गोंड राजांनी शहराभोवती परकोट बांधला. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा या चार दरवाजांच्या आत जुनी वस्ती राहिली. इरई आणि झरपट या नद्या शहराला बिलगूनच वाहतात. शहर वाढले, तसे परकोटाच्या बाहेर सखल जागेत गरिबांनी घरे बांधली, कारण तीच जागा त्यांना परवडली. बिनबा गेटच्या बाहेर रहमतनगर आहे. पावसाला आपण रहमत म्हणतो. पण इरई तुंबली की पाणी आधी रहमतनगरात शिरते. परकोटाच्या आतला माणूस पूर बघायला जातो आणि बाहेरचा घर सोडून निघतो. हा फरक नदीने केलेला नाही.

आता धरणे आली आहेत, त्यामुळे बातमीची गरज आणखी वाढली आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसाने वैनगंगा भरली आणि गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले. ब्रह्मपुरी तालुक्यात नदीने वेढलेले लाडज हे गाव आणि आसपासची गावे पाण्यात गेली. रात्रीतून पाणी चढले, वेळेवर कळले असते तर धान्य, गुरे हलवता आली असती, असे लोकांचे म्हणणे होते. सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगणाने मेडीगड्डाचा ८५ दरवाजांचा बंधारा बांधला. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेव्हापासून फुगवट्याने शेती बुडते अशी सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांची तक्रार आहे, आणि त्यासाठी त्यांनी आंदोलनेही केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या बंधाऱ्याचे काही खांब खचले.

जुलै २०२२ मध्ये पुन्हा मोठा पूर आला. १० जुलैला बकरी ईद होती, आणि १६ जुलैला भद्राचलमला पाणी ७१.३ फुटांवर गेले. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरते आणि सुमारे ३३ वर्षांत ईद सर्व ऋतूंतून फिरून येते. अशा तऱ्हेने छत्तीस वर्षांच्या अंतराने दोन्ही मोठे पूर बकरी ईदच्याच दिवसांत आले. सणाला लेकी माहेरी आलेल्या, कमावती मुले नागपूर-हैदराबादहून घरी आलेली, अंगणात जनावर बांधलेले. अशा भरल्या घरातून निघायचे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

या वेळी सिरोंचा तालुक्यातील नदीकाठची अनेक गावे आधीच रिकामी करण्यात आली. माझा खालाजाद भाऊ दर तासाला मोबाईलवर पाण्याचा फोटो पाठवत होता. मध्येच वीज गेली, टॉवर बंद पडला आणि फोटो थांबले. त्या एका रात्रीत मी पुन्हा १९८६ मध्ये जाऊन पोचलो. फरक एवढाच, की तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हते आणि आता पाण्याची पातळी, सोडलेले क्यूसेक, उपग्रहाचे चित्र सारे काही माहीत होते. फक्त खाला कुठे आहे ते माहीत नव्हते. सकाळी निरोप आला. ती उंचावरच्या एका शाळेत शेजाऱ्यांबरोबर सुखरूप होती. त्या शेजाऱ्यांत तेलुगू बोलणारे होते, माडिया होते, आपले लोक होते. सिरोंच्यातील वली हैदरशाह बाबांच्या दर्ग्यावर एकत्र डोके टेकणारी ही माणसे पुरातही एका छताखाली बसली.

शासनाकडे पुराच्या पातळीची नोंद आहे, पंचनाम्यांची आहे. पण निरोप कुणी नेला, नाव कुणी काढली, कुणाच्या माळ्यावर किती कुटुंबे राहिली, याची नोंद नाही. पुढच्या पुरात कोणत्या गल्लीला कोण कळवणार, कोणत्या म्हाताऱ्याला कोण उचलणार, हे या माहितीवरूनच ठरवता येते. विदर्भातील मुसलमानांचा इतिहास लिहिला गेला नाही, ही आपली नेहमीची तक्रार असते. तो लिहिण्याची सुरुवात इथून करता येईल. आपापल्या घरातल्या बुजुर्गांना विचारा, पाणी कुठवर आले होते आणि बातमी कुणी आणली होती. भिंतीवर तिथे एक रेघ ओढा आणि वहीत त्या माणसाचे नाव लिहा.

आमच्याकडे ती चिठ्ठी अजून आहे. ट्रकवाल्याचे नाव मात्र विचारायचे राहून गेले.