पदवी नसलेल्यांनी उभारलेला पेशा

ऑक्टोबर १९६५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ड्यूक विद्यापीठात, फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारे आणि उपचार करणारे सहायक, घडवणारा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. वर्गात विद्यार्थी चारच होते आणि चौघेही नौदलातून परतलेले कोअरमन होते. जहाजावर किंवा युद्धभूमीवर डॉक्टर हाताशी नसताना जखमा बांधणे, शिरेतून औषध देणे, कोणाला आधी हलवायचे ते ठरवणे ही त्यांची आधीची नोकरी. महाविद्यालयाची पदवी ही प्रवेशाची अट नव्हती. या चौघांतले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या हाती आले तेही पदवी नव्हे, प्रमाणपत्र. आज याच पेशात शिरायचे असेल तर बहुतेकांना आधी चार वर्षांची पदवी आणि मग सुमारे सव्वादोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. त्यामुळे बारावी संपवणाऱ्या अमेरिकन मुलामुलींना, आणि तिथल्या मराठी घरांतल्या मुलांनाही, पहिला प्रश्न पडतो तो आधीची पदवी कोणत्या विषयात घ्यायची हा. माझे म्हणणे असे की हा प्रश्न या पेशाच्या इतिहासात फार उशिरा शिरला. पदवीची पायरी चढवली गेली ती मुख्यत्वे रुग्णाच्या खाटेपासून दूर असलेल्या कारणांनी. आणि पायरी चढली तरी तिचा विषय कोणता असावा, हे बहुतेक संस्थांच्या नियमांत आजही लिहिलेले नाही. हा इतिहास ठाऊक असेल तर निवड अधिक शहाणपणाने करता येते.

ड्यूकमध्ये हे घडवून आणणारे युजीन स्टेड हे तिथल्या मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्यासमोरची अडचण समजण्यासाठी १९१० पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिकन वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शिरण्याआधी महाविद्यालयीन शिक्षण, विशेषतः रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र, आवश्यक मानले जाऊ लागले. शिक्षणाचा दर्जा सुधारला, यात शंका नाही. पण त्याच लाटेत अनेक महाविद्यालये बंद पडली आणि कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच वैद्यकीय शाळा त्यांत गेल्या. डॉक्टर होण्याची वाट लांब, महाग आणि अरुंद झाली. साठच्या दशकात खेड्यांत आणि गरीब वस्त्यांत डॉक्टर मिळेनासे झाले होते, आणि १९६५ मध्ये मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा कायदा झाल्यावर वृद्ध रुग्णांची मागणी एकदम वाढणार हे दिसत होते. स्टेड यांनी याआधी थेल्मा इंगल्स या परिचर्येच्या प्राध्यापिकेबरोबर परिचारिकांना वरच्या दर्जाचे वैद्यकीय प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न केला होता, पण परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्या अभ्यासक्रमाला मान्यता नाकारली. मग त्यांची नजर सैन्यातून परतणाऱ्या, कामात तरबेज असलेल्या आणि नागरी जीवनात त्या कौशल्याला जागा न मिळालेल्या तरुणांकडे गेली. त्यांच्यासमोर आणखी एक उदाहरण होते. गार्लंड या छोट्या गावातले डॉक्टर अमोस जॉन्सन यांनी हेन्री ली ट्रेडवेल या कृष्णवर्णीय सहायकाला स्वतः शिकवून तयार केले होते. डॉक्टर बाहेरगावी असले तरी ट्रेडवेल यांच्या भरवशावर दवाखाना चालत असे. म्हणजे या पेशाच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या, रुग्णांमध्ये मिळालेला अनुभव आणि त्या अनुभवावर रचलेले नेमके शिक्षण. ड्यूकच्या दोन वर्षांतले नऊ महिने वर्गात आणि पंधरा महिने रुग्णालयात जात, हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे.

पुढच्या चार वर्षांत हा प्रयोग तीन दिशांना फुटला, आणि पदवीचे काय करायचे याची तीन वेगवेगळी उत्तरे पुढे आली. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड स्मिथ यांनी १९६९ मध्ये मेडेक्स नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. स्मिथ स्वतः कृष्णवर्णीय डॉक्टर होते आणि पीस कोअरबरोबर नायजेरियात काम करून आले होते. त्यांच्या योजनेत माजी सैनिकांना तीन महिने विद्यापीठात शिकवत आणि मग बारा महिने खेड्यातल्या एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली पाठवत. शिक्षण संपले की बहुधा तिथेच नोकरी. पदवीचा इथे संबंधच नव्हता. वेस्ट व्हर्जिनियातल्या फिलिपी गावच्या ॲल्डरसन-ब्रॉडस महाविद्यालयात ह्यू मायर्स यांनी १९६८ मध्ये नेमका उलटा मार्ग घेतला. शाळेतून आलेल्या मुलाला चार वर्षे शिकवायचे आणि या पेशाचीच पदवी द्यायची. कोलोरॅडोत हेन्री सिल्व्हर यांनी बालआरोग्यासाठी सहायक घडवताना आधी दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण मागितले आणि पुढे तीन वर्षे शिकवले. तिन्ही ठिकाणची माणसे तेच काम करू लागली. रुग्णाची हकीकत घेणे, तपासणे, निदानाकडे जाणे, डॉक्टरच्या देखरेखीखाली उपचार करणे. कोणाच्या हाती प्रमाणपत्र होते, कोणाच्या हाती पदवी, आणि रुग्णाला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

या विविधतेवर पेशाने काढलेला तोडगा मला फार महत्त्वाचा वाटतो. पदवी एकसारखी करण्याऐवजी परीक्षा एकसारखी केली. १९७३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची पहिली परीक्षा झाली आणि लवकरच प्रमाणन करणारा स्वतंत्र आयोग स्थापन झाला. पंधरा महिन्यांचा मेडेक्सवाला, ड्यूकचा दोन वर्षांचा विद्यार्थी आणि चार वर्षांचा पदवीधर एकाच प्रश्नपत्रिकेला बसले. सुरुवातीच्या वर्षांत तर औपचारिक अभ्यासक्रम न करता कामावरच शिकलेल्यांनाही या परीक्षेचे दार उघडे होते. माणसाला काय येते ते तपासा, त्याने ते कुठल्या नावाच्या पदवीत मिळवले हे नको, अशी ही भूमिका होती आणि पेशाच्या संघटनांनी ती बराच काळ जाहीरपणे मांडली.

मग पदवीची पायरी वर कशी चढली? १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती थांबली आणि व्हिएतनाममधून परतणाऱ्या कोअरमनांचा ओघ आटला. त्यांच्या जागी महाविद्यालयात शिकलेली मुले-मुली येऊ लागली, स्त्रियांचे प्रमाण झपाट्याने वाढले, आणि प्रवेश घेणाऱ्यांपैकी अधिकाधिक जणांकडे आधीच एक पदवी असे. पदवीधराला दोन वर्षे कसून शिकवायचे आणि पुन्हा पदवीच द्यायची, हे विद्यापीठांनाही विचित्र वाटू लागले. अभ्यासाचा भार खरोखरच पदव्युत्तर दर्जाचा होता, हेही मान्य केले पाहिजे. दुसरीकडे नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे निदान आणि उपचार करणाऱ्या वरच्या दर्जाच्या परिचारिका, पदव्युत्तर शिक्षणाकडे वळल्या होत्या, आणि राज्यांच्या विधिमंडळांत औषधे लिहिण्याचा अधिकार मागताना कमी पदवी ही पडती बाजू ठरत होती. या पेशाला परवाना देणारे शेवटचे राज्य मिसिसिपी. तिथला कायदा २००० मध्ये झाला आणि त्यानेच नव्या उमेदवारांसाठी थोड्या वर्षांत पदव्युत्तर पदवीची अट घातली. पुढे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या आयोगाने सर्वच संस्थांना तिकडे वळायला लावले, आणि २०२० नंतर पदव्युत्तर पदवी हा एकच मार्ग उरला. यातले एकही कारण कमी पदवीच्या सहायकांकडून रुग्णांचे अहित झाले हे नव्हते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की वैद्यक बदलले आहे. १९६५ मध्ये औषधे मोजकी होती, तपासण्या थोड्या होत्या. आज जनुकीय चाचण्यांपासून प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांपर्यंत जे समजून घ्यावे लागते, त्याला पंधरा महिने कसे पुरतील? आक्षेप खरा आहे, आणि पंधरा महिन्यांकडे परत जावे असे मी म्हणतही नाही. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की विज्ञानाचा पाया पक्का हवा आणि पेशाचे शिक्षण सखोल हवे. त्याआधी चार वर्षांची वेगळी पदवी हवीच, हे त्यातून निघत नाही. याचा पुरावा अमेरिकेच्या सैन्यातच आहे. टेक्सासमध्ये सान अँटोनियोला तिन्ही दलांसाठी १९९६ पासून संयुक्त अभ्यासक्रम चालतो. तिथे आधीच्या पदवीची अट नाही. साधारण दोन वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाइतके गुण आणि त्यांत ठरलेले विज्ञानविषय पूर्ण असले की सैनिक अर्ज करू शकतो. पदवी आणि पदव्युत्तर पदवी त्याला अभ्यासक्रमाच्या ओघातच मिळते आणि शेवटी तो त्याच राष्ट्रीय परीक्षेला बसतो. आजच्या वैद्यकाचे सगळे ओझे वाहूनही हा मार्ग चालू आहे.

नागरी संस्थांचे प्रवेशनियम वाचले तर त्यांतही जुन्या विचाराची खूण सापडते. पदवी हवी, पण ती अमुक विषयातच हवी असे बहुतेक ठिकाणी म्हटलेले नाही. मागितलेले असतात ते ठरावीक विषय. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, बऱ्याच ठिकाणी सेंद्रिय रसायन किंवा जीवरसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र. शिवाय रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम केल्याचे तास, तेही अनेक संस्थांत शेकड्यांनी, काही ठिकाणी हजारांनी. हा अनुभवाचा रकाना म्हणजे कोअरमनचा वारसा आहे. विषयांची यादी फ्लेक्सनरच्या काळापासून वैद्यकीय प्रवेशासाठी चालत आलेल्या यादीची धाकटी बहीण आहे. पदवीचे नाव या दोन्हींत कुठेच बसत नाही.

तरीही जीवशास्त्रच सुरक्षित, असे पालक आणि समुपदेशक सांगतात, आणि त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. या पदवीत लागणारे बरेचसे विषय आपोआप होतात, वेळापत्रक जुळते. मात्र ही सोय झाली, गुणवत्ता नव्हे. २००१ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अर्जव्यवस्थेत विज्ञानविषयांचे गुण वेगळे काढले जातात. ज्याला परिसंस्थाशास्त्रात किंवा वनस्पतींच्या वर्गीकरणात रस नाही, त्याने केवळ सुरक्षिततेसाठी जीवशास्त्र घेतले तर नको असलेल्या विज्ञानविषयांचे कमी गुणही त्याच रकान्यात जमा होतात. इतिहास किंवा स्पॅनिश मन लावून शिकणारी, आणि सोबत लागणारे आठ-दहा विषय नीट करणारी विद्यार्थिनी त्याहून भक्कम अर्ज करू शकते. स्पॅनिश तर टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या दवाखान्यांत रोज लागणारी गोष्ट आहे. तिला जास्त धावपळ करावी लागेल, प्रयोगशाळेचे तास जुळवताना एखादे वर्ष वाढेलही, हे तिने आधीच जाणून असावे.

इतिहासाकडे पाहून मला सर्वांत सयुक्तिक वाटते ती आणखी वेगळी वाट, जिच्याकडे प्रतिष्ठेच्या हिशेबात दुर्लक्ष होते. परिचर्या, श्वसनोपचार, क्ष-किरण तंत्र किंवा वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्र यांसारख्या पदव्या परवाना देतात आणि त्या परवान्यावर कमावता येते. श्वसनोपचारतज्ज्ञ म्हणून अतिदक्षता विभागात तीन वर्षे काढलेला माणूस कोअरमनचा खरा वारसदार आहे. प्रवेश मिळाला नाही तर त्याच्या हातात रिकामी पदवी उरत नाही. यावर असे म्हटले जाते की रुग्णवाहिकेवर किंवा रुग्णालयात साहाय्यक म्हणून काम करूनही तास मिळतात, मग त्यासाठी पदवी कशाला अडकवायची? तेही खरे, पण ती कामे बहुधा तुटपुंज्या पगाराची असतात. घरून आधार असलेल्यालाच ती दोन वर्षे परवडतात. इथे प्रश्न वैयक्तिक निवडीच्या पलीकडे जातो. रिचर्ड स्मिथ यांच्यासारख्यांनी वाढवलेल्या आणि लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मुद्दाम नेलेल्या या पेशात आज कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा तीन-चारच्या घरात आहे. लोकसंख्येत ते शेकडा तेराच्या आसपास आहे. याचे सगळे खापर पदवीच्या अटीवर फोडता येणार नाही. शाळांमधली विषमता आणि कर्जाचा बोजा हीही कारणे आहेत. पण वाढवलेली प्रत्येक पायरी ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा कमी आहे त्यांना आधी थांबवते, हे १९१० नंतर एकदा दिसून आले होते. लांबची वाट टाळण्यासाठी निघालेला पेशा त्याच वाटेला लागला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भारतात हा पेशा १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये आला. हृदयशल्यचिकित्सक के. एम. चेरियन यांना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रुग्ण सांभाळणारी प्रशिक्षित माणसे हवी होती. इथे तो बारावी विज्ञाननंतरच्या पदवीच्या रूपात रुजला, म्हणजे फिलिपीच्या मायर्स यांच्या वाटेने. त्यामुळे आधीची पदवी कोणती, हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला पडत नाही. तो पडतो इथली पदवी घेऊन अमेरिकेत अर्ज करू पाहणाऱ्याला, आणि तिथे त्याला बऱ्याच संस्था पायाभूत विषय अमेरिकन महाविद्यालयातच पुन्हा करायला सांगतात. पण इथल्या रचनेत दुसराच दरवाजा बंद राहिला आहे, कामावर अनुभव मिळवलेल्यांचा. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने फिजिशियन असिस्टंटसह अनेक आरोग्यव्यवसायांना पहिल्यांदा एका आयोगाच्या छत्राखाली आणले आहे. पुण्या-मुंबईच्या शस्त्रक्रियागृहांत दहा वर्षे उभे राहिलेले तंत्रज्ञ आणि गडचिरोली-नंदुरबारमधल्या आरोग्य केंद्रांतल्या अनुभवी परिचारिका यांना लागणारे विज्ञानविषय पूर्ण करून, बारावीच्या गुणांवर न अडता या शिक्षणात शिरता येईल अशी तरतूद या आयोगाच्या नियमांत असायला हवी. नियम पक्के झाल्यावर ती घालून घेणे फार कठीण जाते, हे अमेरिकेतल्या पन्नास वर्षांत दिसले आहे.