बेवारस कोडचा वारसदार

शनिवारची सकाळ, दुसरा चहा, आणि काकांचा एक जुना फोन आठवला. म्हणून हा लेख.

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी वर्डप्रेसवर साइट बनवली असेल. प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत 'नवीन काय'ची यादी येते, आपण 'अपडेट' दाबतो आणि विसरून जातो. पण या याद्या ओळीने वाचल्या ना, तर त्यात चांगला इतिहास सापडतो.

सुरुवात होते बी२ नावाच्या छोट्या प्रोग्रामपासून. कॉर्सिकाच्या मिशेल वाल्द्रिघीने २००१ मध्ये तो पीएचपीत लिहायला घेतला. लोक वापरू लागले आणि मिशेल गायब! महिनोन्‌महिने अपडेट नाही. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या १९ वर्षांच्या मॅट मुलेनवेगने लिहिलं की हा कोड पुढे न्यावा म्हणतो. इंग्लंडच्या माइक लिटलने त्याला साथ दिली. बी२चं लायसन्स जीपीएल, त्यामुळे कोणाची परवानगी मागायची गरजच नव्हती. २७ मे २००३ ला वर्डप्रेस ०.७ आलं. सोबतच्या लायसन्स फाइलमध्ये मिशेलचं नाव अजूनही आहे. बेवारस कोडला वारस मिळाला तो असा.

मे २००४ मध्ये १.२ आलं, त्यात प्लगिनची सोय आली. त्याच महिन्यात मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या लोकप्रिय प्रोग्रामने नव्या आवृत्तीसाठी लायसन्सच्या अटी आणि दर बदलले. चिडलेले बरेच लोक थेट वर्डप्रेसकडे वळले. नशीब म्हणा, पण तयारीही होतीच! फेब्रुवारी २००५ च्या १.५ मध्ये थीम्स आल्या. जून २०१० च्या ३.० मध्ये कस्टम पोस्ट टाइप आले आणि डायरी लिहायच्या साधनातून कुठलीही साइट चालवणारी यंत्रणा तयार झाली.

आणि मग ६ डिसेंबर २०१८. आवृत्ती ५.०, गुटेनबर्ग एडिटर. लिहायचा साधा पांढरा कागद गेला, त्याजागी ब्लॉक्स आले. परिच्छेद एक ब्लॉक, फोटो एक ब्लॉक.

तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. निवृत्त शिक्षक असलेल्या काकांची जुन्या वाड्यांवरची साइट मीच सांभाळायचो. नवीन फीचर म्हटल्यावर आपल्याला राहवतंय का? त्यांना न विचारता अपडेट मारलं. दुसऱ्या दिवशी फोन, "अरे बाळा, माझा कागद कुठे गेला?" मी म्हटलं, "काका, आता जास्त सोपं झालंय." ते एवढंच म्हणाले, "कोणासाठी?" पुढचे पंधरा दिवस त्यांनी काहीच लिहिलं नाही. शेवटी मी क्लासिक एडिटर नावाचं प्लगिन टाकलं, तेव्हा गाडी रुळावर आली. चूक माझीच होती.

असे काका जगभर होते. ते प्लगिन लाखो साइट्सवर बसलं. क्लासिकप्रेस नावाचा वेगळा फाटाच फुटला, म्हणजे जीपीएलने दिलेला हक्क इथे वर्डप्रेसवरच उलटला!

पण इंजिनिअर म्हणून एका गोष्टीला दाद द्यावीच लागेल. ब्लॉकची खूण एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये लिहितात आणि मजकूर डेटाबेसच्या त्याच जुन्या रकान्यात राहतो. त्यामुळे काकांचे जुने लेख जसेच्या तसे दिसत राहिले. बदलली ती लिहायची जागा, लिहिलेलं नाही. ऑफिसात 'जुनं सगळं फेकून नव्याने लिहू' म्हणणाऱ्यांनी (म्हणजे मीसुद्धा) हे लक्षात ठेवावं.

गुटेनबर्गची योजना चार टप्प्यांची. पहिला लिखाणाचा, दुसरा अख्खी साइट ब्लॉकने रचायचा, जो जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये ठळक दिसला. तिसरा अनेकांनी मिळून लिहायचा. आणि चौथा बहुभाषिक साइट्सचा. एकच लेख मराठीत आणि इंग्रजीत ठेवायचा तर आजवर वेगळं प्लगिन शोधत बसावं लागलंय. ती सोय मुळातच मिळावी, हा त्या टप्प्याचा उद्देश. भाषांतराची व्यवस्था १.२ पासून आहे, पण ती बटणं आणि मेनूंसाठी, आपल्या मजकुरासाठी नाही.

काकांना त्यांचे वाडे इंग्रजीतही न्यायचे आहेत, नात परदेशात वाढतेय ना. म्हणजे हे फीचर खरंच त्यांच्यासाठी असेल. पण या वेळी अपडेट दाबायच्या आधी मी त्यांना फोन करणार आहे.

असो. चहा गार झाला.